चौधरी बाईंची बट

चौधरी बाई गेल्या तेव्हा त्यांची बट अर्धी पांढरी आणि अर्धी काळी होती. माणूस गेल्यावर आठवायच्या गोष्टी पुष्कळ असतात, बाईंच्या बाबतीत तर पोतंभर आहेत, पण मला आधी हीच आठवते आणि अजून वाईट वाटतं. आणखी थोडे महिने मिळते तर ती पुरती पांढरी झाली असती. एरवी कुणी गेलं की आपण म्हणतो, नातवंडं पाहायला हवी होती, घराचं काम पुरं व्हायला हवं होतं. मी मात्र बाईंसाठी केस वाढायला वेळ मागत होते.

आम्ही दोघी वसईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात एकाच स्टाफरूममध्ये बसायचो. त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. ‘मी जिवंत गोष्टींबद्दल बोलते आणि ह्या मेलेल्या माणसांच्या कवितांबद्दल,’ अशी त्या माझी ओळख करून द्यायच्या. उंच, काटक बांधा, सुती साडी पिना लावून चापूनचोपून बसवलेली, आणि काळ्याभोर केसांत कपाळाच्या बरोबर मधोमध एक पांढरीशुभ्र बट. वयाने पिकलेली नव्हे, जन्मतःच तशी. बटेखाली कपाळावरही रुपयाएवढा पांढरा डाग होता. टिकली त्या डागाच्या अगदी खाली असायची. ‘हद्द आखून ठेवलीय, पुढे सरकायचं नाही,’ म्हणायच्या.

लोकांना ते कोड वाटायचं. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकसारखे पांढरे कप होते आणि चहा आला की हात नकळत जरा जपून पुढे व्हायचे. बाई ज्या कपातून प्यायल्या तो कुठला, याचा हिशेब दोघी-तिघी मनातल्या मनात ठेवायच्या. तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं, आपण सगळे शिकलेले! मग एके दिवशी बाईंनी घरून पिवळाजर्द मग आणला, खिळ्याला टांगला आणि म्हणाल्या, “घ्या, आता सोपं झालं. चुकून कुणाच्या हाती यायला नको.” इतक्या हसत म्हणाल्या की आम्हीही हसलो. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच मगातून चहा प्यायल्या.

कोड अंगावर नंतर येतं आणि पसरतं. हे तसलं काही नव्हतं. आईच्या पोटात बाळ घडत असताना रंग देणाऱ्या पेशी पाठीकडून सगळ्या अंगभर पसरतात. बाईंच्या घराण्यात काहींच्या त्या कपाळापर्यंत पोहोचायच्याच नाहीत. मागे कुणाच्या तरी बीजात एक बारीकसा बदल झाला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत आला. ज्याला बट, त्याच्या प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. बाईंच्या वडिलांना होती. त्यांच्या बटेला गावात, गिरीजमध्ये, सगळे ‘लक्ष्मीची बट’ म्हणायचे, आणि बाजाराला निघताना समोरून ते आले तर शकुन मानायचे. धाकटा भाऊ भालचंद्र, त्यालाही होती, पण तो तिशीतच टकला झाला आणि पुरावाच नष्ट झाला. “पुरुषाच्या डोक्यावर लक्ष्मी आणि बाईच्या डोक्यावर कोड,” बाई म्हणायच्या, “जनुक एकच बरं का, फक्त पत्ता वेगळा.”

बाईंचा म्युटेशनचा तास ऐकायला मी एकदा वर्गात मागे जाऊन बसले होते. फळ्यावर काही नाही. पिशवीतून त्यांनी एक जुनं ब्लाउज काढलं आणि बारावीच्या पोरांपुढे धरलं. वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

“हे मापाचं ब्लाउज. तुमच्या आयांना विचारा. शिंप्याकडे नवं शिवायला टाकलं की गेल्या वेळचं मापाला द्यायचं. तो त्यावरून बेततो. त्याच्या पुढच्या वेळी हे नवं मापाला. पहिलं ब्लाउज कुणी बघितलेलंच नसतं. आता समजा एकदा कात्री जराशी सरकली. पुढची सगळी तशीच होणार. बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. एखादं असं होतं की अंगातच जात नाही, ते बिचारं तिथेच संपतं. आणि एखादं,” बाईंनी टिचकी वाजवली, “पहिल्यापेक्षा छान बसतं! कात्री कधी सरकलीच नसती तर आपण सगळे अजून पाण्यात पोहत असतो. म्हणून पेपरात ‘बदल’ लिहायचं. ‘बिघाड’ किंवा ‘चूक’ लिहिलंत तर मार्क कापीन.”

मागच्या बाकावरून एक आगाऊ आवाज आला, “मॅडम, मग तुमचं ब्लाउज कुठलं? छान बसलेलं की बिघडलेलं?”

बाई सरळ त्या मुलापाशी गेल्या आणि त्याच्यापुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या. “हात लावून बघ.” तो लाजून लाल झाला, पण त्यांनी मान काही वर केली नाही. शेवटी त्याने दोन बोटं बटेला लावली. “काही लागलं हाताला?” बाईंनी विचारलं. “नाही मॅडम. केसच आहेत.” “मग लिही, कुणाला कळतही नाही त्यातलं.”

लग्नाचं मी कधी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, आणि तेही विनोदी गोष्ट सांगावी तसं. बघायला आलेल्या माणसांना त्या सगळं समजावून द्यायच्या. हे कोड नाही, संसर्ग नाही, आयुष्य पुरतं मिळतं. इथपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग मुलाची आई हळूच विचारायची, “म्हणजे मुलांना यायचं नाही ना?” आणि बाई म्हणायच्या, “येईल की! निम्म्यांना.” आगाशीच्या एका घरची माणसं तर अर्धा लाडू बशीत ठेवून उठली होती. बाईंची आई नंतर कपाळाला हात लावून बसली, “बाय, एकदा तरी खोटं बोलली असतीस!” बाईंना ते काही जमलं नाही. जीवशास्त्राच्या बाबतीत त्या खोटं बोलू शकत नसत.

आई होती तोवर घर भरलेलं होतं. दर शनिवारी आई त्यांच्या डोक्याला तेल लावायची आणि सुरुवात बटेपासून करायची. पन्नाशीच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई आईपुढे पाटावर बसून तेल लावून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरामागे वाडी, नारळ, सुपारी, भाज्यांचे वाफे आणि केळी. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी करून बाई आम्हाला आणून द्यायच्या. ती घेताना मात्र कुणाचा हात जपून पुढे येत नसे.

एका वर्षी त्या केळीत एका झाडाच्या पानांवर पांढरे पट्टे उमटले. केळीला बी नसतं, कोंबावरून झाड वाढतं, त्यामुळे त्या झाडाच्या कोंबांनाही पट्टे आले. बाई हरखून गेल्या. स्टाफरूममध्ये बारसं असल्यासारखे पेढे वाटले. पुढे त्याच झाडाच्या बुंध्याशी एक कोंब असा उगवला की पानाला हिरवेपणा नावालाही नाही, निव्वळ पांढरं. शेजारचे इनासभाऊ म्हणजे वाडीतला अखेरचा शब्द. ते म्हणाले, “बाय, हा कोंब काडून टाक. सोताला काय कमवत नाय, आईचा रस पितो. लोंगर बारीक येल.”

“येऊ दे बारीक,” बाई म्हणाल्या.

“अगं, पन जगनार नाय तो.”

“आईला चिकटून आहे तोवर जगेल. तोडला तर मरेल. मग कशाला तोडायचा?”

इनासभाऊंचं म्हणणं खरं होतं. हिरवेपणा नाही म्हणजे त्या कोंबाला स्वतःचं अन्न करता येत नव्हतं. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, खरंच बारीक आला. केळ एकदाच विते, मग ती तोडतात. तशी ती तोडली. जमिनीतल्या गड्ड्यावर तो पांढरा कोंब काही दिवस तगला आणि मग मान टाकत गेला. त्याच वर्षी बाईंची आई गेली. मी भेटायला गेले तेव्हा बाई मागल्या दारी बसल्या होत्या, केस कोरडे, विस्कटलेले. बोलता बोलता त्यांनी वाळलेल्या पांढऱ्या पानाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “याला आईचे माझ्यापेक्षा थोडे दिवस कमी मिळाले, एवढंच.”

त्यानंतर बाईंच्या जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं, भालचंद्रची मुलगी सायली. ती जन्मली तेव्हा भालचंद्रने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “ताई, तुझ्यावर गेलीय.” बाई धावतपळत हॉस्पिटलात गेल्या. बाळाच्या डोक्यावर टोपडं होतं. बारशाला टोपडं, उष्टावणाला टोपडं. टोपडं घालायचं वय सरलं तेव्हा तिच्या आईने, बाईंच्या वहिनीने, काळा रंग आणला. पुढे भालचंद्रने विरारला फ्लॅट घेतला आणि गिरीजला येणं गणपतीपुरतं राहिलं. वहिनी दुष्ट नव्हती. तिला पोरीच्या लग्नाची धास्ती होती, आणि आत्या-भाची शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल ही त्याहून मोठी धास्ती. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाई निघाल्या तेव्हा वहिनीचा फोन आला, “गर्दी खूप असते हो, तुम्हाला त्रास होईल.” बाईंनी नेसलेली साडी बदलली आणि वाडीला पाणी लावलं.

“मला काही नको,” त्या एकदा म्हणाल्या, “त्या पोरीने एकदा रंग न लावता माझ्याकडे यावं. आम्ही दोघींनी एक फोटो काढावा. तेवढाच.” बाईंनी आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट मला माहीत आहे.

सायली शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिचं तिनेच जमवलं. मुलगा पालघरकडचा. लग्नाआधी भालचंद्र वाडीत आला. मी त्या दिवशी तिथेच होते. “ताई, मंडपाच्या खांबांना बांधायला केली लागतील. साध्या दे, पट्ट्याच्या नको. लोक इचारत बसतात.” बाईंनी मान हलवली. काम झालं होतं, तरी तो उभाच. टकलावरून हात फिरवत म्हणाला, “आनि ताई... त्या दिवसापुरतं... तू पन...”

“समजलं,” बाई म्हणाल्या. “तू चहा घे.”

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पार्लरमध्ये जाता ना? त्या मुलीचं नाव सांगा.”

“बाई, तुम्ही? अहो, मार्क कापणाऱ्या तुम्ही!”

“तिचं ठरलेलं लग्न माझ्या डोक्याकडे बघून मोडायला नको. घरात एक मी पुरे.”

मी नाव सांगितलं. आई गेल्यानंतर त्या बटेला पहिला हात लागला तो पार्लरमधल्या मुलीचा.

लग्नाच्या हॉलमध्ये मी जरा उशिरा पोहोचले. दाराच्या खांबांना बाईंच्या वाडीतल्या केळी बांधलेल्या, हिरव्यागार. आत तोबा गर्दी. बाईंना गर्दीत शोधायचं म्हणजे मला कधी डोळे ताणावे लागले नव्हते, बट दिसली की बाई सापडल्या. त्या दिवशी मी दोन फेऱ्या मारल्या. शेवटी कडेच्या खुर्चीवर एकटीच बसलेल्या हिरव्या साडीतल्या एका बाईला वाकून विचारलं, “चौधरी बाई आल्यात का हो? नवरीच्या आत्या?”

“मीच,” त्या म्हणाल्या.

कपाळावरचा डागसुद्धा पावडरीने बुजवला होता. वय दहा वर्षांनी कमी दिसत होतं आणि बाई कुठेच दिसत नव्हत्या. मी शेजारी बसले. आम्ही उगाच हॉलच्या पंख्यांबद्दल बोललो.

मग नवरीला आणलं. मुंडावळ्या, हिरवा चुडा, आणि कपाळाच्या मधोमध, काळ्याभोर केसांत, पांढरीशुभ्र बट. रंग लावणं तिने वर्षभर आधीच सोडलं होतं. घरी येताना धुतला की जाणारा रंग चोपडून यायची, आणि लग्नाच्या सकाळी तो धुऊन टाकला होता. भालचंद्र जागच्या जागी थिजला. वहिनीचा हात तोंडावर. मुलाकडच्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नवल नव्हतं. सायलीने त्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं, निम्म्याचा हिशेबही, आणि आत्याचा फोटो दाखवला होता. मुलाची आई मोठ्याने विचारत होती, “अहो, सूनबाईच्या आत्या कुठायत? फोटोत बघितल्यात, अश्शीच बट आहे. त्यांना पुढे बसवा की!”

स्टेजवरून सायली मान उंच करून हॉलभर बघत होती. तिची नजर आमच्या रांगेवरून गेली, बाईंच्या तोंडावरून गेली, पुढे सरकली.

“बाई, उठा,” मी त्यांना कोपराने ढोसलं. “तुम्हाला शोधतेय ती.”

“ती जिला शोधतेय ती आलेली नाही,” बाई म्हणाल्या. साडीचा पदर त्यांनी बोटाला गच्च गुंडाळला होता. अक्षता पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

आशीर्वादाच्या रांगेत मात्र समोरासमोर यावंच लागलं. सायली पायाशी वाकली, वर बघितलं आणि तशीच राहिली. “आत्या? हे काय? कुणी सांगितलं तुला?”

“मीच केलं,” बाई म्हणाल्या. भालचंद्र मागे खाली मान घालून उभा होता. “म्हटलं लग्नात जरा नटावं.”

सायलीने हात पुढे करून त्यांच्या बटेला लावला. जन्मात पहिल्यांदा. आणि रडायला लागली. “मी फक्त आपल्या दोघींच्या फोटोसाठी धुतले गं केस.” फोटोवाला घाई करत होता. फोटो निघाला, पण हवा होता तो नव्हे. त्यात एकच बट आहे. लग्न झाल्या-झाल्या ती दोघं नोकरीसाठी परदेशी गेली. ‘दिवाळीला येते, तेव्हा आपला फोटो,’ असं ठरवून गेली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते पावसाळा सरताना. चालताना त्यांना दम लागत होता, पण डॉक्टरचा विषय काढला की केळ्यांवर यायच्या. मागल्या दारी खुर्ची टाकून बसलेल्या. बट मुळापासून अर्ध्यापर्यंत पांढरी झाली होती आणि खाली काळी शेपटी लोंबत होती. ते काही बरं दिसत नव्हतं, आणि बाईंनी ते पदराखाली झाकलंही नव्हतं.

“काळं तेवढं कापून टाका ना,” मी म्हटलं. “आखूड राहील, पण पांढरी तरी राहील.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “वर्षानुवर्षं पोरांचे मार्क कापले, चूक लिहू नका म्हणून. वरचं पांढरं आहे ना, ती चूक नव्हेच. खालचं काळं, ती चूक. ती माझी आहे. तिला आपोआप खाली जाऊ दे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “एकदा तरी खोटं बोल म्हणायची आई. बोलले, तर ते वाया गेलं.”

मी निघाले. त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, “दिवाळीला या. सायली येणार आहे. तोवर तयार होते बघा.” केळीचा लोंगर कधी उतरणार हे सांगायच्या, त्याच आवाजात.

फाटक लावताना मी मागे वळून पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांच्या पानांखाली बाई एकट्या बसल्या होत्या. कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी बट कपाळावर ओढून घेतली होती आणि डोळे वर करून, दोन बोटांच्या चिमटीत, पांढरं कुठवर आलंय ते त्या चाचपत होत्या.